सरकारी रुग्णालयातलं एलडी सर्टिफिकेट आणि बोर्डाच्या सवलती: सेवा कशी आहे, कुठे अडते

डिस्लेक्सिया, डिसग्राफिया किंवा डिसकॅल्क्युलिया, म्हणजे अनुक्रमे वाचनाची, लेखनाची किंवा गणिताची एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता) असलेल्या मुलाची सरकारी रुग्णालयात होणारी तपासणी, तिथून मिळणारं प्रमाणपत्र आणि त्या प्रमाणपत्रावर राज्य मंडळाकडून मिळणाऱ्या परीक्षेतल्या सवलती, या तिन्हींना इथे एकच सेवा धरलं आहे. पालकांसाठी ती एकच वाट असते आणि तिच्यातला एक टप्पा चुकला की पुढचे सगळे लटकतात.

निकाल आधीच सांगून टाकू. ही सेवा घ्यावी, नक्की घ्यावी. खर्च खासगी तपासणीच्या तुलनेत अगदी थोडा, मुलाला बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक असे तिघं जण पाहतात, आणि बोर्ड मानतं तो कागद इथलाच. पण ती आठवीत घ्यावी. दहावीच्या सहामाहीनंतर धावपळ करून मिळवलेल्या सर्टिफिकेटचा निम्मा उपयोग वाया गेलेला असतो, कारण विषय बदलायची वेळ निघून गेलेली असते आणि रायटरसोबत, म्हणजे मुलाने सांगितलेली उत्तरं लिहिणाऱ्या लेखनिकासोबत, सराव करायला दिवसच उरत नाहीत. दुसरं, या सेवेतून मूल वाचायला शिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. ते काम वेगळं आणि लांबचं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. महाराष्ट्राने एलडी असलेल्या मुलांना परीक्षेच्या सवलती द्यायला 1996 सालीच सुरुवात केली. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर ही नावं या कामासाठी ओळखली जातात. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आला. त्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. कलम 16 शाळेवर अशी मुलं लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी टाकतं. तपासणी कशी करायची हे आधी केंद्राच्या 4 जानेवारी 2018 च्या अधिसूचनेत होतं; मार्च 2024 मध्ये तिच्या जागी नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळायचं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालायचं. चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववी. म्हणूनच वर आठवी म्हटलं.

आता प्रत्यक्ष तपासणी. एका खेपेत हे काम होत नाही. ओपीडीत केसपेपर, मग बालरोगतज्ज्ञांची तपासणी, डोळे आणि कान तपासून त्यांचे कागद, मग बुद्ध्यांकाची चाचणी, मग शैक्षणिक चाचणी, गरज वाटली तर मानसोपचार विभागात एक फेरी, आणि शेवटी सही-शिक्का. काही आठवडे सहज जातात, रांग मोठी असेल तर काही महिने. जिल्हा रुग्णालयात जायचं असेल तर आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: एलडीची टेस्ट कोणत्या वारी असते, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सध्या आहेत का. ते नसतील तर मुलाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं जातं. हे पहिल्याच फोनवर कळलं तर एक खेप वाचते. यूडीआयडी कार्डही (दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र) काढायचं असेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज वेगळा भरावा लागतो.

पालक सर्वांत जास्त अडतात ते कागदांवर. शाळेचं पत्र लागतं. त्यात मुलाची इयत्ता, माध्यम, किती वर्षं या शाळेत आहे आणि वर्गशिक्षकांना नेमकं काय दिसतं, हे हवं. ‘अभ्यासात कच्चा आहे, तपासणी करावी’ एवढ्या दोन ओळींचं पत्र घेऊन गेलात तर बहुधा परत पाठवतील. ‘तोंडी उत्तरं बरोबर देतो, तीच लिहायला सांगितली तर अर्धी सोडतो, फळ्यावरून उतरवताना ओळी गाळतो’ असं लिहिलेलं पत्र कामाचं. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं न्या. चष्म्याचा नंबर आणि कानाची तपासणी आधीच करून घ्या, कारण दिसण्या-ऐकण्यात अडचण नाही हे सिद्ध झाल्याशिवाय पुढची चाचणी होत नाही.

आणि वह्या. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पालक प्रेमापोटी सुंदर, कव्हर घातलेली, घरी आईने शेजारी बसून लिहून घेतलेली वही नेतात. ती उपयोगाची नाही. वर्गात घाईत लिहिलेली, लाल शाईने भरलेली वही न्या. शब्दलेखनाच्या, म्हणजे डिक्टेशनच्या पानांच्या झेरॉक्स काढा. मराठी माध्यमाच्या मुलाच्या अशा पानावर खूप काही वाचता येतं: ‘सूर्य’चा ‘सूय’ झालेला, रफार गायब, ‘प्रकाश’चा ‘परकाश’, जोडाक्षर फोडून सरळ केलेलं, ‘पुस्तक’चा ‘पूसतक’, घ आणि ध, भ आणि म, ट आणि ठ यांची अदलाबदल, आणि एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर सगळीच मुलं करतात, त्यांच्यावरून काही ठरत नाही. पण पाचवीतलं मूल मात्रा-वेलांटी गाळत असेल आणि जोडाक्षर वाचताना अडखळून अंदाजाने भलताच शब्द म्हणत असेल, तर विशेष शिक्षकाला हेच पाहायचं असतं.

बुद्ध्यांकाची चाचणी ‘मिसिक’ किंवा ‘विस्क’ या मुलांसाठीच्या प्रमाणित संचाने होते. 2018 च्या अधिसूचनेत बुद्ध्यांक 85 च्या वर असेल तरच पुढची एलडीची चाचणी करावी असं होतं. अशा ओळीमुळे 70 ते 85 मधली मुलं अधांतरी राहतात: बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत बसत नाहीत आणि एलडीच्याही नाही. या सेवेतला हा सर्वांत दुखरा भाग आहे. अशा मुलाच्या पालकांनी लगेच दुसऱ्या ठिकाणी तीच चाचणी करून घेऊ नये. थोड्याच दिवसांत पुन्हा केलेल्या चाचणीत सरावामुळे आकडा फुगतो, तो विश्वासार्ह राहत नाही आणि रुग्णालय तो मानेलच असं नाही. त्यापेक्षा उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण मागून घ्या. शाब्दिक आणि कृतीच्या भागांत मोठी तफावत असेल तर नुसता एकूण आकडा दिशाभूल करतो, आणि हे मानसशास्त्रज्ञांशी बोलता येतं.

शैक्षणिक चाचणीसाठी 2018 च्या अधिसूचनेने निमहान्सचा (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचा) संच सांगितला होता. त्यात वाचन, शब्दलेखन, गणित, अवधान, स्मृती आणि आकृत्या उतरवणं असं सगळं येतं. त्याचा वरचा स्तर 8 ते 12 वर्षांसाठी आहे, म्हणून चौदा वर्षांच्या मुलाचं मोजमाप करताना तज्ज्ञाच्या अनुभवावर बरंच अवलंबून राहावं लागतं. अनेक ठिकाणी विशेष शिक्षक अभ्यासक्रमावर आधारलेली चाचणीही घेतात आणि मूल आपल्या इयत्तेच्या दोन वर्षं मागे आहे का ते पाहतात. मराठी माध्यमाच्या पालकांनी एक प्रश्न विचारायलाच हवा: वाचनाची चाचणी कोणत्या भाषेत घेणार? मराठीत शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी उतारा दिला तर त्याचं इंग्रजी कच्चं आहे एवढंच कळेल. मराठीत साधनं नाहीत असंही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा संच मराठीत आहे आणि पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी तो चांगला आहे.

चाचणीच्या दिवशी मूल तापातून उठलेलं नसावं, उपाशी नसावं. आदल्या रात्री पाढे आणि स्पेलिंग घोटून घेऊ नका. एडीएचडीची (अवधान न टिकणं, अतिचंचलता) गोळी चालू असेल तर ती त्या दिवशी द्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा. मनाने बंद करू नका.

सगळं झाल्यावर हातात एक पानाचं प्रमाणपत्र येतं आणि लोक खुशीत घरी जातात. थांबा, सविस्तर रिपोर्टही मागा. प्रमाणपत्रावर ‘डिस्लेक्सिया, डिसग्राफिया’ एवढंच असतं. मूल तिसरीच्या पातळीवर वाचतं, गणिताच्या क्रिया येतात पण शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही, हे रिपोर्टमध्ये असतं. सवलती कोणत्या मागायच्या ते या दुसऱ्या कागदावरून ठरतं. मूळ प्रमाणपत्र शाळेत जमा करू नका. साक्षांकित प्रत द्या, मूळ फक्त दाखवा.

आता सवलती. दर तासाला 20 मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या 80 गुणांच्या भाषेच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या बीजगणित, भूमिती किंवा विज्ञानाच्या पेपरला 40 मिनिटं. लेखनिक. शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष. एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभवाचा विषय. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि परवानगी लेखी येते. ती हातात येईपर्यंत शाळेच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. जून-जुलैत अर्ज द्या, दिवाळीपूर्वी पाठपुरावा करा.

हे सगळं कागदावर उदार दिसतं आणि आहेही. पण प्रत्येक सवलतीला किंमत आहे, आणि ती पालकांना सहसा कोणी सांगत नाही. जादा वेळ घ्या: सकाळी अकराला सुरू झालेला भाषेचा पेपर दुपारी तीनपर्यंत चालतो. सराव नसलेलं मूल तिसऱ्या तासालाच गळून जातं आणि शेवटचा तास नुसतं बसून राहतं. म्हणून नववीपासून घरी चार तासांच्या बैठकीची सवय लावा. कठीण प्रश्न आधी, पाठ असलेले नंतर, मध्ये पाण्याचे घोट. गणित सोडण्याचा निर्णय तर घाईत घेऊच नये. दहावीला बीजगणित-भूमिती नसेल तर तंत्रनिकेतनाच्या डिप्लोमाच्या वाटेवर अडचण येऊ शकते आणि अकरावीला शाखा निवडतानाही हात आखडता घ्यावा लागतो. मुलाला खरोखर डिसकॅल्क्युलिया असेल, 47 आणि 74 मध्ये मोठं कोणतं हे सांगायला बोटं लागत असतील, तर ही सवलत वरदान आहे. अडचण फक्त वाचण्याची असेल तर गणित ठेवा आणि प्रश्न वाचून दाखवण्याची परवानगी मागा.

इथे लेखनिकाबद्दल बोललंच पाहिजे, कारण सर्वांत जास्त गुण इथेच सांडतात. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, दहावीसाठी नववीतला. त्याचं नाव, शाळेचं ओळखपत्र, फोटो हे सगळं आधी द्यावं लागतं, आणि त्याची स्वतःची परीक्षा त्याच आठवड्यात आहे का हेही पाहावं लागतं. नाव दिलेला मुलगा ऐन वेळी आजारी पडतो, म्हणून दुसरा तयार ठेवा. पण खरी अडचण पुढे आहे. उत्तर सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते मुलाला कोणी शिकवलेलं नसतं. मूल भराभर बोलतं, लेखनिक मागे पडतो, मूल थांबतं, दुवा तुटतो, उत्तर अर्धवट राहतं. सराव असा करा: आधी घरच्याच माणसाला छोटी उत्तरं सांगायची, एका दमात सहा-सात शब्द, मग थांबून ‘झालं?’ विचारायचं. मग विरामचिन्हं आणि नवा परिच्छेद सांगायची सवय. मग लिहिलेलं परत वाचून घ्यायचं. बीजगणितात ‘एक्सचा वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य’ असं पूर्ण म्हणता यायला हवं, कारण नववीतल्या मुलाने वर्गसमीकरण पाहिलेलं नसतं; तुम्ही म्हणाल तसंच तो लिहील. शेवटी प्रत्यक्ष लेखनिकासोबत किमान तीन-चार पूर्ण पेपर. रायटर मिळूनही सराव न केलेल्या मुलापेक्षा स्वतः अडखळत लिहिणारं मूल कधी कधी जास्त गुण मिळवतं. आणि अर्जात ‘लेखनिक’ आणि ‘प्रश्नपत्रिका वाचून दाखवणे’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. एकीत दुसरी आपोआप येते असं समजू नका.

या सेवेचा सर्वांत कमकुवत दुवा म्हणजे शाळा. सवलती फक्त दहावी-बारावीला असतात असा समज मुख्याध्यापकांच्या केबिनमध्येही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. कायदा इयत्ता पाहत नाही. तोंडी विनंती करत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मजकूर साधा ठेवा:

‘माझा पाल्य इयत्ता सहावी ब मध्ये शिकत असून सोबतच्या अहवालानुसार त्यास विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 व 17 नुसार पुढील सोयी चालू सत्रापासून मिळाव्यात: घटक चाचणी व सत्र परीक्षेत दर तासाला 20 मिनिटे जादा, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणे, भाषेखेरीज इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण न कापणे, फळ्यावरील मजकूर उतरवण्याऐवजी त्याची छायाप्रत, वर्गात मोठ्याने वाचायला लावण्यापूर्वी पाल्याला एक दिवस आधी उतारा सांगणे.’

शेवटच्या मागणीला शाळा क्वचितच हरकत घेते, आणि मुलाच्या दृष्टीने बहुतेक वेळा तीच सर्वांत मोलाची असते. चाळीस मुलांसमोर अडखळण्याची भीती गेली की शाळेत जाताना पोट दुखणं कमी होतं.

मागण्या चार-पाचच ठेवा, रिपोर्टमधल्या निष्कर्षांशी जोडलेल्या. पंधरा मागण्यांचं पत्र वाचलं जात नाही. वर्गशिक्षिकांना आधी भेटा, मग अर्ज द्या. त्यांच्या पाठीमागून गेलात तर त्या दुखावतात आणि रोजचा संबंध त्यांच्याशीच असतो. मुलाची नोंद शाळेच्या यूडायस माहितीत (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दिव्यांग विद्यार्थी म्हणून झाली आहे का ते विचारा. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून शाळांना भेट देतात. ते तुमच्या शाळेत कधी येतात ते मुख्याध्यापकांना विचारून त्या दिवशी हजर राहा. पहिलीपासून संशय असेल तर एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही तपासयादी शाळेला दाखवा. पहिला भाग वर्गशिक्षकांनीच भरायचा असतो, त्यामुळे ‘आमच्याकडे तज्ज्ञ नाही’ ही सबब टिकत नाही. मात्र तपासयादी भरली म्हणजे निदान झालं असं नाही. ती फक्त पुढे पाठवण्याचं कारण देते.

शाळा ऐकत नसेल तर पायरीने जा. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, माध्यमिक शाळा असेल तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि तरीही काही झालं नाही तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. प्रत्येक पत्राला आधीच्या पत्राची शिक्का मारलेली प्रत जोडा. सूर तक्रारीचा नको. कोणती सोय मागितली, कधी मागितली, काय उत्तर आलं, एवढंच. बहुतेक प्रकरणं गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पुढे जात नाहीत.

आता जे या सेवेत मिळत नाही ते. रेमेडियल, म्हणजे उपचारात्मक शिकवणी, आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी तासभर, आणि तीही काही वर्षं चालावी लागते. रुग्णालय ती क्वचितच देऊ शकतं. ट्यूशन म्हणजे रेमेडियल नव्हे: ट्यूशनमध्ये इयत्तेचा धडा पुन्हा शिकवतात, रेमेडियलमध्ये मूल जिथे अडलंय तिथून, हवं तर काना-मात्रा आणि दोन अक्षरी शब्दांपासून, पुन्हा बांधत आणतात. शिकवणाऱ्याला विचारा की माझ्या मुलासाठी पुढच्या तीन महिन्यांचं ध्येय काय. ‘वाचन सुधारेल’ हे उत्तर अपुरं आहे. ‘रफार आणि र-कार असलेले शब्द दहापैकी आठ बरोबर वाचेल’ असं ऐकू आलं तर तिथे फी भरा. तोवर विज्ञान-इतिहास मागे पडू नयेत म्हणून बालभारतीची मोफत पीडीएफ पुस्तकं आणि फोनमधलं मराठी वाचून दाखवणारं साधन वापरा. ऐकून शिकणं हा आळस नाही.

मराठी शाळेत आणि बोर्डाच्या चौकटीत मूल खरोखरच गुदमरत असेल तर एनआयओएसचा (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा) पर्याय आहे: किमान पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, एका वेळी एक-दोन विषय देण्याची मोकळीक. दहावीत नापास झाल्यावर नाइलाज म्हणून तिकडे वळण्यापेक्षा नववीत ठरवून वळलेलं बरं, कारण विषय निवडायला आणि मुलाला स्वतःच अभ्यासाचा वेग ठरवायला शिकवायला एक वर्ष लागतंच.

दहावी झाल्यावर फाईल माळ्यावर टाकू नका. अकरावीच्या प्रवेशावेळी, बारावीच्या अर्जावेळी आणि पुढे विद्यापीठात सवलती पुन्हा मागाव्या लागतात आणि प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्राची तारीख पाहिली जाते. अठरा पूर्ण होण्याच्या दोन-तीन महिने आधी रुग्णालयात नंबर लावा. तेव्हा जुना केसपेपर क्रमांक आणि चौदाव्या वर्षीचा सविस्तर रिपोर्ट हाताशी असेल तर चाचण्या घेणाऱ्यांना तुलना करता येते आणि खेपा कमी पडतात.